लाकडावरील नक्षीकाम आणि विजेवर फिरणारी हत्यारे

नवरात्रातील मखर, देवाची पालखी, चर्चमधील वेदीवरची वेलबुट्टी, जुन्या घरांच्या दारावरील गणेशपट्टी. गोमंतकातील हे सारे नक्षीकाम पटाशी आणि हातोड्याने घडले. पटाशी निसटली तर जखम होते, पण हात थांबला की पटाशीही थांबते. विजेवर फिरणाऱ्या यंत्राचे तसे नसते. म्हणूनच असे यंत्र निवडताना ते काम किती लवकर उरकते यापेक्षा, निसटल्यावर ते काय करील, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

मिनिटाला किती फेरे, हा आकडा पाहून धोका ठरवणे फसवे आहे. चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो, तर पेनासारखा धरायचा छोटा रोटरी ड्रिल 30,000 किंवा त्याहूनही अधिक. वरवर पाहता दुसरा अधिक भयंकर वाटतो. प्रत्यक्षात ग्राइंडरच्या 100 मिलिमीटरच्या चकतीची कड सेकंदाला जवळपास 58 मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. 6 मिलिमीटरच्या बरची कड सेकंदाला दहा मीटरही गाठत नाही. शिवाय ग्राइंडरचे वजन दीड-दोन किलो. गाठीत किंवा आडव्या रेषांत चकती अडकली की हे सारे वजन उसळी घेऊन कारागिराच्या अंगावर येते.

लाकूड भराभर उडवण्यासाठी ग्राइंडरवर करवतीची साखळी बसवलेली चकती मिळते. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असे स्पष्टच म्हणायला हवे. गोल करवतीचे पाते ग्राइंडरवर चढवणे तर कोणत्याच कारागिराने करू नये; त्या पात्यासाठी हे यंत्र बनलेलेच नाही आणि ते बसावे म्हणून संरक्षक कवच काढले जाते. ग्राइंडर घ्यायचाच असेल, तर दोन्ही हातांनी धरता येणारा, बाजूची मूठ असलेला आणि दाबून धरला तरच चालणाऱ्या स्विचचा घ्यावा. एकदा सरकवला की चालूच राहणारा स्विच हातातून यंत्र सुटल्यावरही थांबत नाही.

पाने, फुले, देवतेचा चेहरा अशा बारीक कामाला लवचिक शाफ्टचे यंत्र सर्वांत भरवशाचे. त्याची मोटर वर टांगलेली असते, हातात फक्त हलकी दांडी आणि वेग पायाच्या पेडलवर. घाबरलेला माणूस पाय उचलतो आणि यंत्राची वीज तुटते. बर घेताना त्याच्यावर लिहिलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा जास्त हवी. त्याचा दांडा 3 मिलिमीटरचा की 3.2, हेही पाहावे. फरक नगण्य वाटतो, पण चुकीच्या कोलेटमध्ये बर ढिला बसून निसटतो. लांब दांडा बाहेर ठेवून पूर्ण वेग दिल्यास तो वाकतो.

चवथीच्या तोंडावर मखरांचे काम पावसाळ्यातच येते. ओल्या जमिनीवर उभे राहून यंत्र चालवायचे, तर दुहेरी इन्सुलेशनची खूण, म्हणजे चौकोनात चौकोन, तपासावी आणि 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्यावे.

धुळीकडे मात्र अनेकांचे दुर्लक्ष होते. पटाशीने ढलप्या निघतात, तर बर आणि घासपट्टीने पिठासारखी बारीक धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणारी ठरवली. नाकाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही. एन-95 मुखपट्टी, डोळ्यांना बाजूने बंद चष्मा, आणि जमल्यास धूळ ओढणारा पंप हवा. यंत्राच्या किमतीत हा खर्च आधीच धरावा. सैल बाह्या आणि सुती हातमोजे मात्र टाळावेत, कारण फिरणारे टोक त्यांना ओढून घेते.

दुकानात यंत्र सुरू करून पाहण्याची लाज बाळगू नये. टोक डगमगते का, वास येतो का, हे पाहावे. मग स्विच सोडून ते थांबायला किती सेकंद लागतात, ते मोजावे.