लग्नाची डिस्क घरी का चालत नाही? 'राइट मोड' समजून घ्या

लग्नाच्या शूटिंगची किंवा भजनाची डिस्क दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालते, घरच्या प्लेअरवर मात्र 'नो डिस्क' दाखवते. बऱ्याचदा दोष डिस्कचा नसतो, ती कशी बर्न केली याचा असतो.

'ट्रॅक अ‍ॅट वन्स'मध्ये प्रत्येक गाण्यानंतर लेझर थांबतो. दोन गाण्यांत साधारण 2 सेकंद शांतता येते, सलग भजनाचा ताल तिथंच तुटतो.

'डिस्क अ‍ॅट वन्स'मध्ये लेझर पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता लिहितो आणि डिस्क बंद करतो. नंतर काही भरता येत नाही, पण साध्या प्लेअरला हीच पद्धत मानवते.

'मल्टिसेशन'मध्ये आज थोडं, उद्या थोडं भरता येतं. मात्र 700 एमबीच्या सीडीवर पहिलं सेशन बंद करताना सुमारे 22 एमबी आणि पुढच्या प्रत्येक वेळी सुमारे 13 एमबी जागा नुसत्या खुणांतच जाते. साधा ऑडिओ सीडी प्लेअर तर पहिलंच सेशन वाचतो.

डिस्क 'फायनलाइज' केलेली नसेल तर बरेच प्लेअर ती ओळखतच नाहीत. अशी डिस्क फेकू नका. जिथं बनवली तिथं नेऊन फायनलाइज करून घ्या. आणि मुख्य म्हणजे, डिस्क घरी लावून बघितल्याशिवाय शूटिंगवाल्याला कॅमेऱ्याचं कार्ड पुसू देऊ नका. लग्न काही परत लागत नाही!