म्हातारपण नव्हे, गोळीचा परिणाम!

गेल्या पावसाळ्यात ७२ वर्षांच्या एका आजींना त्यांचा मुलगा माझ्या दवाखान्यात घेऊन आला. हात थरथरत होते, चाल मंदावली होती, चेहरा निर्विकार झाला होता. साडीच्या निऱ्यासुद्धा सुनेला घालून द्याव्या लागत. ‘‘आईला कंपवात झालाय, डॉक्टर. वयच झालं आता,’’ मुलगा म्हणाला. दुसरीकडे कंपवाताचे औषधही सुरू झाले होते.

घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणा, असे मी सांगितले. पिशवीत चक्करेवरील सिनारिझिनची गोळी निघाली. वर्षापूर्वीची चिठ्ठी माझ्याच हातची होती! पंधरा दिवसांनी बंद करा, हे मी तोंडी सांगितले होते, लिहिले नव्हते. तीच चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या येत राहिल्या आणि आजी त्या नेमाने घेत राहिल्या.

सिनारिझिन, फ्लुनारिझिन, तसेच उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड ही औषधे मेंदूतील डोपामिनच्या कार्यात अडथळा आणतात. कंपवातात याच डोपामिनची उणीव असते. म्हणून ही औषधे लांबली, तर हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. त्यातून उतारवयात मूत्रपिंड व यकृत यांचे काम मंदावते, औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते. तरुणाला मानवणारी मात्रा वृद्धाला जड जाते. मग दुष्परिणामालाच नवा आजार समजून दुसरे औषध दिले जाते, त्याच्या त्रासावर तिसरे!

मी सिनारिझिन बंद केले, कंपवाताचे औषध हळूहळू कमी केले. तीन महिन्यांनी आजी स्वतः निऱ्या घालून, चालत दवाखान्यात आल्या. मात्र सर्वांचीच लक्षणे अशी पूर्णपणे जात नाहीत. म्हणून वेळीच ओळखणे महत्त्वाचे.

वाचकांनी एवढे करावे. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सर्व गोळ्या, चूर्णे, काढे व दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामके सोबत न्यावीत. प्रत्येक गोळी किती दिवस घ्यायची, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. नवे औषध सुरू झाल्यावर तोल जाणे, गुंगी, गोंधळ किंवा थरथर दिसल्यास ती वयावर ढकलू नये. लगेच डॉक्टरांना सांगावे. परंतु रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकाराची गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

आणि आम्हा डॉक्टरांनीही तारीख घालून लिहावे, ‘गोळी बंद’. मी आता लिहितो.