दाब तेहतीस

गणपतीला नऊ दिवस उरले होते आणि रात्रीचे साडेबारा वाजले होते. जेवणाच्या टेबलावर कागद कापायचं मशिन, त्याच्या तोंडात चिकट मॅट, मॅटवर मोरपंखी कार्डशीट. मखराच्या जाळीतलं शेवटचं कमळ कापून मॅट बाहेर आली. कागद उचलला तर अर्ध्या पाकळ्या मॅटवरच राहिल्या. ज्या हाती आल्या त्यांच्या टोकांना दाढी फुटलेली. मग मी नको तेच केलं. दाब वाढवला. माझ्या मशिनला दाबाचे आकडे १ ते ३३ आहेत, मी थेट ३३ वर गेले. पुढची शीट आणखी फाटली, आणि मॅटवर कमळाचे जे चरे पडले ते अजून आहेत.

आमचं मखर पूर्वी थर्माकोलचं असायचं. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली आणि आम्ही कागदावर आलो. पहिली काही वर्षं कात्री आणि कटर घेऊन बसायचे. मग हे मशिन घेतलं, ‘लेकीच्या प्रोजेक्टसाठी’ असं सांगून. घरात कोणाचाही त्यावर विश्वास बसला नाही.

मशिन म्हटलं की वाटतं, आत काहीतरी भारी असणार. प्रत्यक्षात कापणारा भाग रिफिलच्या टोकापेक्षा फार मोठा नाही. हे पातं स्वतः वळत नाही, त्याला वळवणारी मोटरही नसते. ते आपल्या दांड्यावर मोकळं फिरतं आणि मशिन त्याला कागदावरून ओढत नेतं. मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक आठवा. ट्रॉली ज्या दिशेला ढकलाल तिकडे ते आपोआप तोंड करतं, कारण त्याचा टेका मधल्या खिळ्याच्या थोडा मागे असतो. पात्याचं टोकही असंच मधोमध नसून जरासं बाजूला असतं. सरळ रेषेत सगळं छान चालतं. खरी परीक्षा पाकळीच्या टोकाशी, जिथे पात्याला जागच्या जागी गर्रकन वळायचं असतं. ते वळलं नाही तर आडवं फरफटतं आणि कागद कापला न जाता फाटतो. म्हणून बिघाडाची पहिली बातमी नेहमी कोपऱ्यात लागते.

दुसऱ्या दिवशी पातं बाहेर काढून वडिलांच्या जुन्या भिंगाखाली धरलं. दांड्याच्या तोंडाशी मोहरीएवढा मोरपंखी कागदाचा बोळा अडकला होता. एवढ्याशा बोळ्याने माझ्या दोन रात्री खाल्ल्या होत्या. आता दर पाच-सहा शीटनंतर पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा गोळा करून त्यात पातं तीस-चाळीस वेळा टोचते. चिकटलेला कचरा त्याने निघतो. धार येते असंही लोक सांगतात, त्यावर माझा विश्वास नाही. बोथट पात्याला नवीन पातं हाच उपाय.

पातं किती बाहेर काढायचं हेही मला तेव्हा कळलं. माझ्या पात्यावर १ ते १० खुणा आहेत आणि एक खूण म्हणजे ०.१ मिलिमीटर. २२० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला २२० ग्रॅम भरणारी, कार्डशीट पाव मिलिमीटरहून किंचित जाड असते, म्हणजे ३ पुरे. मी ठेवलं होतं ६ वर, ‘राहू दे जरा जास्त’ म्हणून, जसं आपण भाजीत तेल घालतो. त्यामुळे टोक मॅटमध्ये रुतायचं आणि वरचा रुंद भाग कागदात घुसून रेघ फाकवायचा. कापायला पात्याचं टोक लागतं, पोट नाही. आणि एकदा मॅटला चर पडला की पुढच्या वेळी तेवढ्या जागी कागदाला खालून आधार उरत नाही, म्हणजे तिथे पुन्हा फाटणार.

एवढं करूनही जाळी नीट येईना. तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका आले. पुण्यात आप्पा बळवंत चौकाजवळ एका बाइंडिंगवाल्याकडे त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. मशिनकडे त्यांनी पाहिलंही नाही. शीटचा कोपरा चिमटीत धरला, कानाजवळ नेऊन हलवला आणि म्हणाले, “अगं, हा सादळलाय. यात मशिन काय करणार?”

पापड सादळतो, बिस्किट सादळतं, हे मला माहीत होतं. कागदाचा विचार कधी केला नव्हता. कोरडा कागद हलवला की कडक वाजतो, माझा नुसताच लुळा हलत होता. दमट हवेत कागदाचे तंतू पाणी पितात, फुगतात, मऊ पडतात. पात्यापुढे ते तुटण्याऐवजी वाकतात आणि ओढले जातात. आदल्या दिवाळीत याच आकड्यांवर मी आकाशकंदिलाची नक्षी सुरीने कापावी तशी स्वच्छ कापली होती. पण ती कोरडी हवा होती आणि हा पावसाळा. तेव्हापासून कागद आदल्या रात्री पत्र्याच्या ट्रंकेत जातो, बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट. ट्रंकेतून काढला की लगेच कापायचा. चहा पिऊन येते म्हटलं की गेलं.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तीच शीट आधी उभी, मग आडवी, हलकेच दुमडून पाहिली. एकीकडे ती निमूट वाकली, दुसरीकडे कुरकुरली. कारखान्यात कागद होतो तेव्हा बहुतेक तंतू एकाच दिशेला झोपतात, तो कागदाचा ग्रेन. जाळीतल्या बारीक काड्या या दिशेने धरल्या तर टिकतात, आडव्या गेल्या तर मोडतात. मी काड्या दीड मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवतच नाही आता. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला सुती कागद मला फार आवडतो, पण त्यात कापसाचे लांब तंतू असतात आणि पातं ते कापण्याऐवजी ओढत नेतं. त्याची मी फक्त मोठी पानं कापते, जाळी नाही.

एका दुकानातून ‘२५० जीएसएम’ म्हणून आणलेला गठ्ठा मला पातळ वाटत होता. ए-फोर कागद हा चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणजे २५० जीएसएमच्या दहा कागदांचं वजन साधारण १५६ ग्रॅम भरायला हवं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरलं ११२. म्हणजे १८०चा कागद. दुकानदाराशी भांडायला गेले नाही, पण नवा गठ्ठा आला की आता आधी काट्यावर जातो.

मॅटचं थोडक्यात सांगते. नवी मॅट इतकी चिकट असते की कागदाची साल निघते, म्हणून ती आधी दोन-तीनदा सुती टीशर्टवर दाबून घ्यायची. जुनी झाली की धूळ आणि केसांनी भरते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून हलक्या हाताने धुतली आणि उभी करून वाळवली की बऱ्यापैकी चिकटपणा परत येतो. आणि कापलेला कागद मॅटवरून उचलायचा नाही, नाहीतर तो पापडासारखा गोळा होतो. मॅट पालथी घालायची, कागद टेबलावर सपाट राहू द्यायचा आणि मॅट वाकवत त्याच्यापासून सोडवायची. पाकळ्या मॅटवर राहायच्या त्यातल्या निम्म्या तरी या उलट्या सवयीमुळे राहत होत्या.

शेवटचा दोष मशिनला दिलेल्या माझ्या चित्रात निघाला. कोयरी मी एका फोटोवरून ट्रेस करून घेतली होती. पडद्यावर गोंडस दिसत होती, मोठी करून पाहिली तर तिच्या कडेवर १४० बिंदू. पात्याला वाटतं प्रत्येक बिंदू म्हणजे वळण. ते अडखळत, थरथरत जातं आणि कड करवतीसारखी येते. बारीक खर्र आवाजही येतो, मी तो इतके दिवस मशिनचा स्वभाव समजत होते. बिंदू पुसत पुसत १२ वर आणले. कोयरी तीच राहिली, आवाज गेला. क्रमही बदलला. आधी आतली भोकं, मग बाहेरची कड. बाहेरची आधी कापली तर तुकडा सुटून सरकतो आणि आतली नक्षी वाकडी पडते.

दरवेळी मुख्य शीट लावायच्या आधी कोपऱ्यात नखाएवढा चौकोन, त्यात त्रिकोण, असं कापून बघते. त्रिकोणाची तिन्ही टोकं नीट निघाली तरच पुढे.

यंदाच्या मखराची जाळी २४ तुकड्यांची आहे. पातं ३ वर, वेग ३, त्याच रेषेवरून दोन फेऱ्या. दाब १९.