शोकांतिकेचा अभ्यास कसा करावा?

चाचणी जवळ आली की काही मुले नाटकाचा सारांश पाठ करू लागतात. सोपे प्रश्न ती चटकन सोडवतात. पण 'असे का घडले?' हा प्रश्न आला की त्यांचे पेन थांबते. पाठ केलेले एक वाक्य विसरले, तर पुढची सारी वाक्येही निसटतात. म्हणून नाटक पाठ करू नये, समजून घ्यावे. ते कसे, हे शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकावरून पाहू.

उर्दूत आपण ज्याला 'अलमिया' म्हणतो, त्यालाच मराठीत शोकांतिका म्हणतात. 'मॅकबेथ' ही शेक्सपिअरची सर्वांत छोटी शोकांतिका आहे. ती सुमारे १६०६ साली लिहिली गेली. शि. म. परांजपे यांनी तिच्यावरून 'मानाजीराव' हे मराठी नाटक लिहिले.

या नाटकाचे पाच अंक आहेत. रोज एक अंक वाचा आणि त्यातील मुख्य घटना एका वाक्यात लिहा. जसे -
पहिला अंक : चेटकिणी मॅकबेथला तो राजा होईल असे सांगतात.
दुसरा अंक : मॅकबेथ राजा डंकनचा खून करतो.
तिसरा अंक : तो मित्र बँकोला मारवतो, मेजवानीत त्याला बँकोचे भूत दिसते.
चौथा अंक : मॅकडफच्या बायकामुलांची हत्या होते.
पाचवा अंक : मॅकडफ मॅकबेथला ठार करतो.

आता ही वाक्ये 'म्हणून' या शब्दाने जोडा. चेटकिणींनी बँकोच्या वंशजांना राज्य मिळेल असे सांगितले होते, म्हणून मॅकबेथला बँकोची भीती वाटते. म्हणून तो त्याच्यावर मारेकरी घालतो. अशी साखळी तयार झाली की एक कडी विसरली तरी शेजारच्या कडीवरून ती आठवते.

यानंतर जोड्या शोधा. खुनानंतर लेडी मॅकबेथ म्हणते की, थोड्याशा पाण्याने हात स्वच्छ होतील. पाचव्या अंकात तीच झोपेत चालत हात चोळत राहते. पण रक्ताचा डाग काही जात नाही. तसेच, बर्नमचे अरण्य चालून येईपर्यंत मॅकबेथला धोका नसतो. शेवटी सैनिक त्याच अरण्यातील फांद्या हाती धरून येतात. अशा जोड्यांवर प्रश्न हमखास विचारले जातात.

शेवटच्या दिवशी पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर पात्रांची नावे, त्यांची नाती आणि शेवट लिहा. जे आठवणार नाही, तेवढेच पुन्हा वाचा. मग मित्राला नाटकाची गोष्ट सांगा. तो जिथे 'का?' विचारील आणि तुम्ही अडखळाल, तिथे अभ्यास अपुरा आहे असे समजा.

आणि एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा : मॅकबेथचा नाश कोणी केला? चेटकिणींनी भविष्य सांगितले, खून कर असे सांगितले नाही. पत्नीने डिवचले, पण खंजीर त्यानेच उचलला. शूर, मानाचा सेनापती स्वतःच्या निवडीने बुडतो, हेच या शोकांतिकेचे मर्म आहे. हे ज्याला उमगले, तो चाचणीतील 'का?' या प्रश्नाला घाबरत नाही.