मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश नको

मॅट रंगावरही क्लिअर कोट असतोच. फक्त त्याचा पृष्ठभाग मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो. त्यावर पडलेला प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून चकाकी दिसत नाही. रबिंग कंपाउंड किंवा मशिन पॉलिशने हाच खडबडीतपणा घासला जातो आणि तेवढा भाग तेलकट चमकू लागतो. ती चमक मग काढता येत नाही. चकचकीत गाडीचा चरा घासून घालवता येतो, इथे बहुधा अख्खा पॅनेल रंगवावा लागतो.

सोसायटीत रोज पहाटे एकाच फडक्याने दहा गाड्या पुसणाऱ्या दादांना आपली गाडी कोरडी पुसू नका, असं आधीच सांगून ठेवा. सगळ्यात जास्त नुकसान त्या धुळीच्या फडक्यानेच होतं.

धुताना गाडी सावलीत आणि बॉनेट गार हवं. आधी नुसत्या पाण्याने धूळ उतरवा, मग पीएच न्यूट्रल शाम्पू आणि मायक्रोफायबरचा हातमोजा. वॅक्स मिसळलेला शाम्पू नको, फिरत्या ब्रशचं वॉशिंग तर नकोच. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात, त्यामुळे लगेच टिपून घ्या, रगडू नका. पक्ष्याची विष्ठा वाळली असेल तर ओलं फडकं काही मिनिटं ठेवून ती मऊ करा आणि अलगद उचला. नखाने खरवडायचा मोह होतो, तो आवरा.

सिरॅमिक कोटिंग करायचं असल्यास मॅटसाठीचंच मागा. एवढी उस्तवार झेपणार नसेल तर मॅट रॅप बरा, खराब झाला की काढून टाकता येतो.