लकवा मारल्यावर बोलणं गेलं, म्हणजे समजही गेली का? जाणून घ्या मेंदूतील भाषेचं गणित

बुलढाणा : लकवा मारला, उजवा हात उचलेना आणि तोंडून शब्द फुटेना, की ‘यांना आता काही कळत नाही’ असं घरचे ठरवून टाकतात. अनेकदा ते खरं नसतं. बोलणं आणि समजणं ही दोन वेगळी कामं आहेत. मेंदूच्या इजेमुळे भाषा हरवण्याला ‘वाचाघात’ (अफेझिया) म्हणतात.

हात आणि बोलणं एकदम का जातं?
उजव्या अंगाची हालचाल मेंदूचा डावा भाग सांभाळतो. बहुतेकांच्या भाषेचं मुख्य कामही डावीकडेच चालतं. तिथला रक्तपुरवठा थांबला, की दोन्हींना फटका बसू शकतो.

भाषेची जागा कशी सापडली?
पॅरिसमध्ये १८६१ साली डॉ. पॉल ब्रोका यांनी एक रुग्ण तपासला. त्याला बोललेलं बरंचसं कळत होतं, पण तोंडून फक्त ‘टॅन’ एवढंच निघायचं. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा दिसली. १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी उलटे रुग्ण नोंदवले. ते भराभर बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचं नीट समजत नसे. त्यांची इजा कानामागच्या बाजूच्या भागात होती.

मग वाद कशाचा?
एका कामाला मेंदूत एकच ठरलेली जागा असते का, हा तो वाद. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९१ मध्येच त्यावर शंका घेतली होती. ब्रोकांच्या रुग्णाचा जतन केलेला मेंदू एमआरआयखाली तपासला गेला आणि २००७ मध्ये निष्कर्ष आले : इजा ब्रोकांना वरून दिसली त्याहून बरीच खोल होती. आज भाषेकडे अनेक भाग आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंचं जाळं म्हणून पाहिलं जातं.

वऱ्हाडी आधी परत येईल का?
जिल्ह्यात अनेकांच्या घरी वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी आणि बाजारात हिंदी असते. सर्वाधिक वापरातली भाषा आधी परत येते, असं फ्रान्सचे आल्बेर पित्र यांनी १८९५ मध्ये मांडलं. प्रत्येकाला हा नियम लागू होत नाही. तरी घरच्या बोलीत बोलत राहणं केव्हाही चांगलं.

घरच्यांनी काय करावं?
• चेहरा वाकडा होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं यापैकी काहीही अचानक दिसल्यास लगेच १०८ ला फोन करा.
• त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देतात, तेही सीटी स्कॅननंतर.
• नंतर लहान वाक्यांत बोला, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असं विचारा. खुणा, चित्रं वापरा.
• त्यांचं वाक्य घाईने पूर्ण करू नका.
• स्पीच थेरपी लवकर सुरू करा. सुधारणा महिनोन्‌महिने होत राहू शकते.
• घरातले निर्णय त्यांना विचारूनच घ्या. उत्तर देता आलं नाही, तरी प्रश्न कळलेला असू शकतो.