परवान्यात नसलेली पहिली पायरी

चाकणच्या कारखान्यात २०११ च्या सुमारास केटीएमची १२५ ड्यूक तयार होऊ लागली, तेव्हा ती आपल्या रस्त्यांसाठी नव्हती. ती युरोपात जात होती, नवशिक्यांसाठी. युरोपात मोटारसायकलचा परवाना टप्प्याटप्प्याने मिळतो. पहिल्या टप्प्यावर इंजिन १२५ सीसीपर्यंत, ताकद ११ किलोवॅटपर्यंत, म्हणजे १५ पीएस, आणि गाडीच्या दर किलो वजनामागे ०.१ किलोवॅटहून जास्त ताकद नाही. दुसऱ्या टप्प्यावर ३५ किलोवॅट. खुला परवाना त्यानंतर. ड्यूकचं इंजिन बरोबर १५ पीएसचं ठेवलं गेलं ते याच नियमामुळे.

आपल्या कायद्यात ही शिडी नाही. वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली, लर्निंग लायसन्स मिळून तीस दिवस झाले, आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा नीट काढला, की गिअरच्या मोटारसायकलचा परवाना हातात येतो. तो शंभर सीसीला चालतो आणि हजार सीसीलाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. म्हणून पहिली गाडी निवडताना कायद्याने न घातलेली मर्यादा आपणच घालून घ्यायला हवी. माझ्या मते ती मर्यादा १२५ ते १६० सीसीच्या साध्या, उघड्या बांध्याच्या मोटारसायकलीपाशी येते. बाजारात तिला ‘नेकेड’ म्हणतात.

उघड्या बांध्याची म्हणजे जिच्या अंगावर प्लास्टिकचं आवरण, म्हणजे फेअरिंग, नाही. इंजिन आणि चॅसी उघडी दिसतात, हँडल रुंद आणि वर, पाठ जवळपास सरळ. डुकाटीने १९९२ मध्ये दाखवलेल्या ‘मॉन्स्टर’नंतर या बांध्याला जगभर प्रतिष्ठा आली. आपल्याकडे मात्र तो आवडीइतकाच सोयीचाही ठरला. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये बजाजची पल्सर आली, १५० आणि १८० सीसीची, आणि तीही गोल हेडलाइटची उघडी गाडीच होती. तिच्याआधी १९९९ मध्ये हिरो होंडाची सीबीझेड येऊन गेली होती. तरी गावोगावच्या पोरांच्या बोलण्यात शंभर सीसीच्या पुढचा आकडा खऱ्या अर्थाने रुळवला तो पल्सरने. चाकण–आकुर्डीच्या पट्ट्यात घडलेली ही गाडी कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत कित्येक घरांतली पहिली ‘ताकदवान’ गाडी ठरली.

फेअरिंगवाली गाडी देखणी असते, पोस्टरवर तीच असते, आणि अठरा वर्षांच्या मुलाला तीच हवी असते. यामाहाची आर-१५ आणि एमटी-१५ शेजारी उभ्या करून बघा. दोघींचं १५५ सीसीचं इंजिन मुळात एकच. पण आर-१५ वर हँडल खाली आणि जवळ, त्यामुळे शरीर पुढे झुकतं आणि वजन मनगटांवर येतं. एमटी-१५ वर माणूस ताठ बसतो, मान वळवून मागचं वाहन सहज बघतो, आणि रुंद हँडलामुळे कमी वेगात गाडी आवरणं सोपं जातं. शिकणाऱ्याचे पहिले महिने याच कमी वेगात जातात. सिग्नल, सोसायटीचं गेट, भाजीबाजारातली गर्दी, पार्किंगमधलं वळण. पहिल्या वर्षात गाडी पडते तीही बहुतेक इथेच, उभ्या उभ्या तोल जाऊन. तेव्हा उघड्या गाडीचा क्लच लिव्हर वाकतो, इंडिकेटर तुटतो, फार तर आरसा जातो. फेअरिंगला तडा गेला तर अख्खा पॅनल बदलावा लागतो. उघड्या गाडीचा तोटाही सांगायला हवा: ऐंशी-नव्वदच्या पुढे वारा थेट छातीवर येतो आणि हायवेवर तासाभरात माणूस थकतो. नवशिक्याच्या बाबतीत मी हा तोटा गुणच मानतो.

आता शोरूममध्ये ज्या प्रश्नाने सुरुवात होते त्याकडे येऊ. ‘किती सीसीची?’ या प्रश्नाने नवशिक्याला उपयोगाचं काही कळत नाही. विचारावं ते वजन आणि त्या वजनामागची ताकद. हिरोची स्प्लेंडर ११२ किलोची आणि ८ पीएसची आहे. पल्सर एन-१६० सुमारे १५२ किलोची, १६ पीएसची. म्हणजे दर किलोमागे स्प्लेंडरच्या साधारण दीडपट ताकद. युरोपच्या पहिल्या टप्प्याशी ताडून पाहिली तर ती ११ किलोवॅटच्या रेषेच्या जेमतेम वर बसते, आणि दर किलोमागच्या अटीत सहज मावते. नव्या ३९० ड्यूकची ताकद मात्र ४६ पीएस आणि वजन सुमारे १६८ किलो. दर किलोमागे हिशेब केला तर ती एन-१६० च्या अडीचपट भरते. ॲक्सिलरेटर चुकून जास्त पिळला गेला, तर एन-१६० वर चूक सुधारायला जो क्षणभर मिळतो तो तिथे मिळत नाही. चूक तर प्रत्येकाची होणारच आहे.

वजन फक्त पळताना जाणवतं असं नाही. रॉयल एनफिल्डची हंटर ३५० माझ्या आवडीची गाडी आहे. तिचं इंजिन शांत, २७ न्यूटन-मीटर टॉर्क तोही कमी आरपीएमवर मिळणारा, त्यामुळे हाफ क्लचवर ती बंद पडत नाही. पण ती १८१ किलोची आहे. उतारावरच्या पार्किंगमधून ती एकट्याने मागे ढकलून काढायची, किंवा आडवी झाल्यावर उचलायची, हे पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या मुलीला किंवा मुलाला जड जातं. म्हणून टेस्ट राइडच्या आधी एक गोष्ट करायचीच: गाडी बंद ठेवून, बसल्या बसल्या पायांनी दहा-बारा फूट मागे घ्यायची. दोन्ही पायांचे चवडे भक्कम टेकतात का, ते बघायचं. सीटची उंची ८०० मिलिमीटरच्या आत असेल तर पाच फूट तीन-चार इंचांच्या माणसाला साधारण जमतं. मात्र आकड्यावर विसंबू नका. टाकीजवळ सीट रुंद असेल तर ७९० ची गाडीसुद्धा उंच लागते. टीव्हीएसची रेडर १२५ आहे ७८० मिलिमीटर आणि १२३ किलोची. बुटक्या आणि हलक्या नवशिक्यासाठी तिच्याइतकी सोपी गाडी शोधावी लागेल.

सगळ्यात जास्त वेळ मात्र ब्रेकवर द्यायला हवा, कारण पैसे वाचवायला लोक इथेच पहिली कात्री लावतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला. १२५ आणि त्याखालच्यांना सीबीएस चालतो, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागतो. सीबीएस ब्रेक वाटून देतो, पण चाक लॉक होण्यापासून वाचवत नाही. ते काम एबीएसचं. चाकाजवळचा सेन्सर फिरण्याचा वेग मोजत असतो. चाक अडकतंय असं दिसताच ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर सोडला जातो, पुन्हा दिला जातो, सेकंदात अनेक वेळा. चाक फिरत राहतं, आणि फिरतं चाकच वळवता येतं.

हे नवशिक्यासाठी एवढं महत्त्वाचं का? ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. पण सायकलवर तोंडावर आपटलेली आपली पोरं पुढचा ब्रेक दाबायला घाबरतात आणि पायाने मागचा जोरात दाबतात. मागचं चाक घसरतं. जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावरची धूळ आणि ऑइल वर आलेलं असताना, हे अगदी हमखास होतं. सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकावर काम करतो, ड्युअल चॅनल दोन्हींवर. २०२२ मध्ये एन-१६० ड्युअल चॅनलसह आली तेव्हा तिच्या वर्गात ही सोय देणारी ती पहिली होती. त्या मॉडेलसाठी काही हजार रुपये जास्त मागितले तर द्यावेत. रंग, स्टिकर, ब्लूटूथचा डिस्प्ले यांवरचे पैसे वाचवून द्यावेत. ब्रेक मिळाला तरी सराव राहतोच: मोकळ्या मैदानात, तीस-चाळीसच्या वेगाने, पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचा.

पैशांचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि या गाड्या खरोखरच स्वस्त झाल्या. पण एक्स-शोरूम किमतीवर रोड टॅक्स आणि विमा चढतोच. विम्यात एक बारकावा आहे, जो शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. थर्ड पार्टी विम्याचे दर सीसीच्या टप्प्यांवर ठरतात, आणि एक टप्पा १५० वर संपतो. २०२२ च्या दरांप्रमाणे १५० सीसीपर्यंत वर्षाला ७१४ रुपये, त्यापुढे ३५० पर्यंत १,३६६ रुपये. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, त्यामुळे १४९ आणि १६० सीसीतला फरक पहिल्याच दिवशी साडेतीन हजारांच्या घरात जातो. बजेट अगदी काटेकोर असेल तर जुन्या वळणाची पल्सर १५० आजही वाईट सौदा नाही.

सेकंडहँडचा सल्ला बरेच जण देतात. मीही देईन, पण २०१९ नंतरची आणि एबीएस असलेलीच गाडी घ्या. त्याआधीची कितीही चकचकीत असली तरी नवशिक्याच्या हाती देऊ नका.

आई-वडिलांना एक विनंती. गाडी बहुधा तुमच्या पैशांतून येते, दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर. मुहूर्त गाठायच्या घाईत जी उभी आहे ती उचलू नका, चालवणाऱ्याला सोबत नेऊन आधी बसवून बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ प्रमाणे दुचाकी विकताना आयएसआय दर्जाचं हेल्मेट देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ते डिलिव्हरीच्या वेळी मागून घ्या, मागे बसणाऱ्यासाठी ठेवा. आणि चालवणाऱ्यासाठी त्याच्या डोक्याच्या मापाचं, पूर्ण चेहरा झाकणारं दुसरं हेल्मेट गाडीच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.